उजव्या खांद्यावरचं दगडी पाखरू

२ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी औषध कंपनीची. दर वर्षी आमच्या दवाखान्यात येते, प्रत्येक पानाच्या तळाशी गुडघेदुखीच्या मलमाची जाहिरात असते, आणि दर वर्षी ती टेबलाच्या लंगड्या पायाखाली जाते. यंदा लिहायचं ठरवलंय. आज जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि रुग्णाबद्दल बाहेर बोलायचं नाही हा आमच्या फिजिओथेरपीच्या धंद्यातला पहिला नियम. नवऱ्याला सांगितलं, पण नवरा म्हणजे काही बाहेरचा नव्हे. तो 'अरे वा' म्हणाला आणि परत टीव्हीत शिरला.

तर नवीन रुग्ण. घरी जाऊन व्यायाम द्यायचे, आठवड्यातून तीनदा, सकाळी. चिठ्ठीवर 'पक्षाघात, उजवी बाजू, मूठ वळलेली' एवढंच मी वाचलं. मी सांधे आधी वाचते आणि नावं नंतर, ही माझी खोड. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत पाय ठेवला आणि समोरच्या फळीवर ओळीनं उभी असलेली सहा पुस्तकं दिसली, तेव्हा मी हात बघायचं विसरूनच गेले. 'दगडी पाखरांचा देश', भाग एक ते सहा.

अकरा वर्षांची असताना मी जिन्यावरून पडले आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. पलंगावर पडून जे महिने काढले ते मी त्या देशात काढले. सातवा भाग येणार, येणार म्हणत होते. मी बरी झाले, मोठी झाले, लग्न झालं, लेक परगावी शिकायला गेली, केस रंगवायची वेळ आली, तरी सातवा भाग काही आला नाही. आणि तो न लिहिणारी बाई खिडकीशी खुर्चीत बसली होती, उजवा हात मांडीवर, जणू दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिलाय.

मी कुठे बघतेय ते त्यांनी बघितलं. म्हणाल्या, "पुस्तकं तिकडे. हात इकडे. तुला काय हवंय ते ठरव."

व्यायाम केले नाहीत. हात मी उघडायचा, त्यांनी छताकडे बघायचं.

निघताना त्यांच्या मुलानं मला चपलांच्या कपाटापाशी गाठलं. पन्नाशीचे, टापटीप, करसल्लागार आहेत. मी त्यांना मनात 'चिरंजीव' म्हणायला लागलेय. ते म्हणाले, बोटं थोडी हलतात, म्हणून डॉक्टरांना आशा आहे, पण जे व्हायचं ते या काही महिन्यांतच. आई अशीच बसून राहिली तर मूठ कायमची तशीच राहील. हॉस्पिटलात हातमोज्याचा उपाय करून बघितला होता. म्हणजे चांगला हात जाड मोज्यात बंद करायचा, मग दुबळ्या हाताला काम करावंच लागतं. सगळं नीट समजावूनही सांगितलं होतं. बाईंनी तो मोजा दातांनी ओढून काढला आणि सूपमध्ये टाकला.

"आईला नाही म्हणायची सवय आहे," चिरंजीव म्हणाले. "माझं सगळं लहानपण त्यात गेलंय."

४ फेब्रुवारी, बुधवार

आईच्या माळ्यावरून सहाही भाग काढून आणले. आई म्हणाली, "परत हाड मोडलंस की काय?"

पुन्हा वाचणार आहे. एवढी मोठी लेखिका हाताखाली आलीये, म्हणजे हात हाताखाली आलाय, तर तयारीनिशी गेलेलं बरं.

९ फेब्रुवारी, सोमवार

पहिला भाग बसमध्ये येता-जाता वाचला. काय सांगू. आपण ज्या मावशीच्या रूपावर लहानपणी भाळलेलो असतो ती बऱ्याच वर्षांनी भेटावी आणि नेमके तिचे दात दिसावेत, तसं झालं.

गोष्ट अशी: वाटाड्या हा बारा वर्षांचा पोरगा. हद्दपार झालेल्या राजकन्येला तिच्या देशात पोचवायला घरातून निघतो. वाटेत एक दगडी पाखरू जिवंत होतं, त्याच्या उजव्या खांद्यावर येऊन बसतं आणि सहा भाग उतरत नाही. लहानपणी वाटायचं, असं एक पाखरू आपल्याही खांद्यावर बसावं. आता वाटतं, या पोराच्या मानेचा एक्स-रे काढायला हवा.

आज बाई पुन्हा छताकडे. मी एकेक बोट उघडत होते आणि तोंडातून निघून गेलं, "बाई, ते पाखरू कायम उजव्याच खांद्यावर का? मधूनमधून बाजू बदलायला नको?"

नजर छतावरून खाली आली. "पाखराचं वजन किती, तुला ठाऊक आहे?"

"दगडाचं आहे."

"सगळे दगड जड नसतात. पाण्यावर तरंगणारे दगडही असतात."

"पण ते स्टुलावर बसलं तेव्हा स्टूल मोडलं. तुम्हीच लिहिलंय."

"स्टूल जुनं होतं," बाई म्हणाल्या.

मग ते स्टूल किती जुनं, कुणाचं, कुठल्या लाकडाचं यावर आमचं चांगलंच वाजलं. मधल्या वेळात बोटांचे, मनगटाचे, कोपराचे सगळे व्यायाम होऊन गेले आणि त्यांनी एकदाही हात मागे घेतला नाही. मी मुकाट्यानं पिशवी आवरली. औषध सापडलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

औषध लागू पडतंय. मी दर भेटीला एक चूक घेऊन जाते. चुका काढायला मला कष्ट पडत नाहीत, नवरा म्हणतो हा माझा उपजत गुण आहे.

आजची तक्रार: राजकन्या पहिल्या भागात एका हातानं कंदील धरते आणि तिसऱ्या भागापर्यंत खाली ठेवत नाही. बाकी काही करत नाही. लढाई असो, पूर असो, ही आपली कंदील धरून उभी. मी लहानपणी राजकन्या व्हायचे तेव्हा आईचा टॉर्च घेऊन तासन् तास उभी राहायचे, आणि मला वाटायचं आपण फार काही करतोय.

बाई म्हणाल्या, "कंदील कुणीतरी धरायलाच लागतो. नाहीतर बाकीच्यांचं शौर्य दिसणार कसं?"

यावरचं उत्तर मला परत येताना बसमध्ये सुचलं, पण त्याचा काय उपयोग.

एक गोष्ट लक्षात आलीये. ही बाई चूक कबूल करत नाही. काहीही दाखवा, 'ते तसंच हवं होतं' हे ठरलेलं. असली माणसं मला अजिबात आवडत नाहीत. नवरा म्हणाला, "ओळखीची वाटतात म्हणून असेल." मी लक्ष दिलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरा भाग. आज मला खरोखर वाईट वाटलं, चेष्टा नाही.

या भागात वाटाड्या कड्यावरून पडतो आणि त्याला एक काढेवाली म्हातारी सापडते. ती त्याचा पाय बांधते, त्याच्यावर खेकसते, त्याला रडवते आणि चालतं करते. पलंगावर पडल्या-पडल्या मी ती पानं इतक्यांदा वाचली होती की ती पुस्तकातून सुटी झाली. मोठेपणी मी ही काढेवाली होणार, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. पुढे अभ्यास केला, परीक्षा दिल्या, पण मुळात मी त्या म्हातारीमुळे या धंद्यात आले.

आता वाचलं तर ती सगळी मिळून अडीच पानं आहे. माझ्या आठवणीत ती अर्धं पुस्तक होती. बरं, तेही चालेल. पण वाटाड्याचा पाय मोडतो तो उजवा. आणि पुढच्या प्रकरणात म्हातारी बांधते तो डावा. सरळ सरळ चुकीचा पाय. इतकी वर्षं हे माझ्या लक्षात आलं नाही, छापणाऱ्यांच्या नाही, कुणाच्याच नाही.

नवऱ्याला म्हटलं, ज्या बाईमुळे मी हे शिक्षण घेतलं तिनं चुकीचा पाय बांधलाय. तो म्हणाला, "आता शिक्षण परत घेत नाहीत." हसले, पण मनाला लागलंय ते लागलंयच.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस माझा.

दुसरा भाग घेऊनच गेले. दोन्ही पानांना खुणा घातल्या होत्या. पुस्तक त्यांच्यासमोर धरलं आणि म्हटलं, "बाई, इथं उजवा मोडला, इथं डावा बांधला. आता बोला."

त्यांनी ते पान वाचलं. परत मागचं वाचलं. मग मांडीवरच्या त्या वळलेल्या मुठीकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, मग परत मुठीकडे. मला वाटलं, आज कबूल करणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"चूक नाही ती," त्या म्हणाल्या. "तिनं चांगलाच पाय बांधला. चांगला पाय मोकळा असला की माणूस दुखऱ्या पायाला विचारत नाही. तो बांधून टाकला की झक मारत दुसऱ्याला उभं राहावं लागतं."

मोडक्या हाडाला असला उपाय म्हणजे शुद्ध वेडेपणा, पण तो मुद्दा मी तेव्हा काढला नाही. माझं डोकं भलतीकडे धावलं होतं. मी पिशवीत कधीचा पडून असलेला हातमोजा काढला आणि टेबलावर ठेवला. "असं असेल तर मग तुमची काही हरकत नसावी."

बाई मोज्याकडे बघत म्हणाल्या, "पकडलंस मला."

आणि डावा हात आपणहून पुढे केला. मी पट्टा आवळला. हॉस्पिटलातल्या सगळ्यांना जे जमलं नाही ते मी एका छापील चुकीच्या जोरावर करून दाखवलं. चिरंजीवांना बाहेर जाऊन सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारलं, "स्वतःहून?"

संध्याकाळी नवऱ्याला सगळं साग्रसंगीत ऐकवलं. तो म्हणाला, "पण तो मोजा कशासाठी असतो ते त्यांना आधीच माहीत होतं ना?"

"हो. मग?"

"काही नाही. छान पकडलंस."

याला कधी धड कौतुक करता येत नाही.

२ मार्च, सोमवार

मोजा रोज काही तास चढतो. उजव्या हातानं चमचा धरायचा, झाकण फिरवायचं, पुस्तकाचं पान उलटायचं. चमचा पडतो. सूप पडतं. बाई पुस्तकातल्या काजळराजाच्या तोंडचे सगळे शिव्याशाप मला देतात. मी त्यांना सांगितलं, काजळराजा हा सहा भागांत सगळ्यात कंटाळवाणा माणूस आहे, समोरच्याला मारायच्या आधी दोन पानं भाषण करतो, तेवढ्यात समोरचा पळून जातो. बाई म्हणाल्या, "तो एकटा असतो. बोलायला दुसरं कोण आहे त्याला?"

पान उलटायचा प्रयत्न करताना त्यांचं तोंड वाकडं होतं, कपाळावर घाम येतो. कधी कधी वाटतं, हे सोडून द्यावं, त्यांना सुखानं छताकडे बघू द्यावं. मग मी दुसरी चूक काढते.

१३ मार्च, शुक्रवार

आज माझ्या जिभेनं घात केला.

पहिल्या भागात वाटाड्या निघतो तेव्हा त्याची आई दारात उभी असते. बस. त्यानंतर सहा भागांत तिच्याबद्दल एक अक्षर नाही. मी लहान असताना हे मला खटकलं नव्हतं, उलट बरं वाटायचं. आई मागे राहिली म्हणजे औषध नाही, 'स्वेटर घाल' नाही. आता लेकीचा फोन दोन दिवस आला नाही तर माझं जेवणात लक्ष लागत नाही. काल रात्री तेच पान परत वाचलं आणि त्या दारातल्या बाईचा विचार डोक्यातून जाईना.

बाई आज चांगल्या रंगात होत्या, झाकण पूर्ण फिरवलं होतं. मी नेहमीच्याच सुरात म्हटलं, "बाई, बारा वर्षांचा पोरगा घरातून जातो. आईनं पुढे काय केलं? जेवली, झोपली, शोधायला गेली? सहा भाग तुम्ही डोंगरदऱ्या फिरलात, एक ओळ त्या घरासाठी नाही सापडली?"

मी वर बघितलं तर दारात चिरंजीव औषधांचा डबा घेऊन उभे.

ते आवाज न चढवता म्हणाले, "तेव्हा आईला दार बंद लागायचं. मी बाहेर बसून असायचो. कधी कधी दाराला कान लावायचो, तर आतून पाखराशी बोलल्याचा आवाज यायचा."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी ती पुस्तकं वाचलेली नाहीत."

डबा टेबलावर ठेवून ते गेले. बाई म्हणाल्या, "मोजा काढ." मी काढला.

"उद्यापासून येऊ नकोस."

१६ मार्च, सोमवार

गेले नाही. म्हणजे मला बोलावलेलं नाही. दवाखान्यात दिवसभर इतरांचे गुडघे वाकवले.

मी तिथं हात उघडायला जात होते. कुणाचं घर उघडायला मला कुणी सांगितलं होतं? आणि हे दिवस वाया जायचे दिवस नाहीत. आता कुठे अंगठा बोटांपासून सुटायला लागला होता. मोजा नाही, व्यायाम नाही, तर मूठ परत आवळत जाणार, आणि ती माझ्यामुळे आवळणार. मला भीती वाटतेय, खरी भीती.

नवरा म्हणाला, "माफी माग." मी म्हटलं, कशाबद्दल, प्रश्न तर बरोबर होता. तो म्हणाला, "म्हणूनच."

२३ मार्च, सोमवार

चिरंजीवांचा सकाळीच फोन. "तुम्ही येता का? ती मोजा घालून बसलीये."

"कुणी घातला?"

"तिनं स्वतः. पट्टा दातांनी ओढला."

मी बस न बघता रिक्षा केली.

बाई खिडकीशी, डाव्या हातात मोजा, समोर सूपचा वाडगा, उजव्या हातात चमचा. गाऊनवर सूप सांडलेलं. मला बघून म्हणाल्या, "उशीर झाला तुला." एवढंच. मी शेजारी बसले आणि मनगट धरलं. अंगठा अजून सुटलेला होता. मला इतकं हायसं वाटलं की त्यांनी 'अशी दाबू नकोस' म्हणून ओरडा केला.

निघताना बघितलं तर चिरंजीव बाहेरच्या खोलीत सोफ्यावर, ऑफिसच्या कपड्यांत, डोळ्यांवर चष्मा, हातात पहिला भाग. सुट्टी असावी. वेळ जात नसेल, दुसरं काय. मला म्हणाले, "स्टूल मोडलं तिथं आलोय. ते पाखरू पुढे त्याला सोडून तर जात नाही ना?"

आतून बाई म्हणाल्या, "त्याला काही सांगायचं नाही. त्याचं त्याला वाचू दे."

६ एप्रिल, सोमवार

उघडला.

चहाचा कप. मी टेबलावर ठेवला, अर्धाच भरलेला. बाईंनी हात पुढे नेला, आणि कपाजवळ जाताना बोटं आपोआप उघडली, न सांगता, न ढकलता. कप धरला, उचलला, प्यायल्या, ठेवला. थोडा सांडला. मी 'छान' म्हटलं आणि दुसरा व्यायाम सुरू केला, कारण रुग्णासमोर रडायचं नाही हा आमच्या धंद्यातला दुसरा नियम. लिफ्टमध्ये रडले. लिफ्टमध्ये तळमजल्यावरचे आजोबा होते, त्यांनी विचारलं, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही आजोबा, कुणीतरी चहा प्यायलं.

आज मी बाईंना काढेवालीचं सांगितलं. ती अडीच पानं वाचून मी या धंद्यात आले, वगैरे. वाटलं, भारावतील.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हणजे मला जो हा छळ होतोय तो मीच लिहून ठेवला होता."

मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "अडीच पानं घाईत लिहिली होती ग. याला ताप होता तेव्हा."

दारापलीकडून पान उलटल्याचा आवाज आला. चिरंजीव चौथ्या भागावर आहेत. हे सुट्ट्या तरी किती घेतात.

२० एप्रिल, सोमवार

काहीतरी बिनसलंय.

आठवडाभर बाई मला लवकर पिटाळतात. व्यायाम 'मघाशीच केले' म्हणतात आणि हात शालीखाली. दाखवा म्हटलं की, "थंडी वाजते." बाहेर ऊन रणरणतंय. मी सहाव्या भागातली एक अख्खी चूक घेऊन गेले, ज्यात मेलेला सेनापती दोन प्रकरणांनंतर जेवायला बसतो. पूर्वी त्यावर तास गेला असता. आज म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. निघ आता."

बरोबर आहे तुझं. या बाईच्या तोंडी.

चिरंजीवांना विचारलं तर म्हणाले, "ती जरा कामात असते." खुर्चीत बसून कसलं काम? दार बंद असतं आणि हे गृहस्थ बाहेर मजेत सोफ्यावर, चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नाही. मला वाटतं बाईंनी परत सोडून दिलंय. सुरुवातीला सगळेच उत्साहात असतात, थोडं जमलं की कंटाळतात. अशा वेळी हात हळूहळू परत मिटत जातो, बघितलंय मी. आणि त्या लपवताहेत ते त्यासाठीच.

२४ एप्रिल, शुक्रवार

आज तर दारातूनच परत पाठवलं. "सोमवारी ये." दारापाठीमागून आवाज फक्त.

मला राग आलाय असं लिहिणार होते. राग नाही आलाय. वाईट वाटतंय. सकाळी उठल्यावर आज काय चूक दाखवायची हे शोधायची सवय झाली होती. सातही दिवस दवाखान्यात कुणी ना कुणी असतं, पण काजळराजाची बाजू घेऊन माझ्याशी कडाकडा भांडणारं कुणी नसतं. ठरलेल्या भेटी पुढच्या शुक्रवारी संपतात. मग त्या घरी जायला मला काही कारणच उरणार नाही.

नवऱ्याला म्हटलं, आपण दोघं एखाद्या पुस्तकावर भांडूया का? तो म्हणाला, "पुस्तक कशाला हवं?"

१ मे, शुक्रवार

शेवटची भेट. सोमवारी, बुधवारीही हात शालीखालीच होता. पिशवी नीट भरून गेले. घरी करायच्या व्यायामांची चित्रं, रबरी चेंडू. मोजा तर त्यांच्याकडेच असतो. मनाची तयारी केली होती की हात मिटलेला असेल, आणि मी काही बोलायचं नाही.

बाई खुर्चीत. शाल मांडीवर. चिरंजीव आज त्यांच्या शेजारी स्टुलावर, खोलीच्या आत, दार सताड उघडं. मी म्हटलं, "बाई, शेवटचं एकदा बघू द्या."

त्यांनी शाल बाजूला केली आणि हात पुढे केला. हातात कागद होता. अंगठा वर, बोटं खाली, मी शिकवलेली पकड, आणि कागद जराही थरथरत नव्हता.

मी कागद घ्यायचा सोडून ते मनगटच बघत राहिले. चिरंजीव म्हणाले, "घ्या ना. ती कधीपासून धरून बसलीये."

एक पान आहे. पहिलीतल्या पोरासारखं मोठं, वाकडंतिकडं अक्षर, ओळी उतरत्या. वर लिहिलंय: भाग सातवा.

पुढचं काही मला नीट आठवत नाही. मी दुसरा नियम मोडला एवढं खरं. बाई म्हणाल्या, "रडून शाई पसरवू नकोस, दिवसाला एक-दोन ओळीच होतात. घरी ने, वाच आणि काय चुकलंय ते सांग. फोनवर नको. मला फोनवर भांडता येत नाही. इथं येऊन सांग."

मी म्हटलं, भेटी संपल्या. त्या म्हणाल्या, "हाताच्या संपल्या."

बसमध्ये पान उघडायचा धीर झाला नाही. घरी येऊन, हात धुऊन, टेबलाशी बसून वाचलं. पहिली ओळ अशी आहे: 'अमावस्या होती, हाताला हात दिसत नव्हता, आणि वाटाड्याची आई अजून दारात उभी होती.'

अजून. इतकी वर्षं ती तिथंच होती, मला वाटलं तिला सगळे विसरले. मला हुंदका आवरेना. अकरा वर्षांच्या मला कुणी जाऊन सांगायला हवं होतं की पडून राहा, येतोय, उशीर होईल, पण येतोय.

डोळे पुसून पुढे वाचलं. आणि तिसरीच ओळ: 'माथ्यावर आलेल्या पूर्ण चंद्राच्या उजेडात तिनं रस्त्यावरचा दगड न् दगड ओळखला.'

अमावस्येला पूर्ण चंद्र. दोन ओळींच्या अंतरात. तिसरीतल्या मुलाच्याही लक्षात येईल. ज्या बाईनं स्टुलाच्या लाकडावरून मला तासभर झुंजवलं तिच्या हातून इतकी ढोबळ चूक व्हावी? वय झालं, आजारपण झालं, त्याचाच परिणाम असणार. मला अगदी भरून आलं.

नवऱ्याला पान दाखवलं. त्यानं तिसरी ओळ वाचली, परत वाचली आणि हसायला लागला. मी म्हटलं, एका आजारी बाईच्या चुकीवर हसतोस? तो म्हणाला, "उद्या सकाळीच जा."

जाणारच आहे. शनिवार असला म्हणून काय झालं. पहिल्याच पानावर ही गत, तर पुढे पानापानाला काय काय करून ठेवतील कोण जाणे. पुस्तक पूर्ण होईपर्यंत मला आता सारखं तिकडे जावं लागणार असं दिसतंय.